रिकामे स्लॉट

जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा पत्रा काढला की आधी शिंक येते, मग मदरबोर्ड दिसतो. परवा तसाच एक उघडून बसलो. धुळीखाली कार्ड खोचायच्या खाचा, म्हणजे स्लॉट: एक तपकिरी, चार पांढरे, तळाशी लांबलचक काळा आणि कडेला बोटभर लांबीचा एक, चटकन नजरेत न भरणारा. त्याच क्रमाने त्यांची नावं: एजीपी, पीसीआय, आयएसए, एएमआर. आजचं ग्राफिक्स कार्ड यातल्या एकातही बसणार नाही.

काळा सगळ्यांत जुना. १९८१च्या आयबीएम पीसीत तो ८ बिटांचा होता, म्हणजे एका वेळी आठ शून्य-एक नेणारा. १९८४ मध्ये १६ बिट हवेसे झाले, तेव्हा तो मोडीत न काढता त्याच्याच पुढे आणखी एक तुकडा जोडला. जुनी खोली न पाडता पडवी काढावी तसा. त्यामुळे ८ बिटांचं जुनं कार्डही त्यात बसायचं. हा समजूतदारपणा मला फार आवडतो.

बाकी आयएसए स्वभावाने कटकट्या. कार्डाने प्रोसेसरला हाक कुठल्या नंबरवरून मारायची, हे आपणच ठरवायचं. त्या नंबराला आयआरक्यू म्हणत. साउंड कार्ड ५ वर, नाहीतर ७ वर. आणि ७ वर बहुतेक वेळा प्रिंटर आधीच ठाण मांडून बसलेला. दोघांची जुंपली की गाणं एकाच सुरावर अडकायचं. नंबर बदलायचा म्हणजे जंपर हलवायचा. जंपर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी. ती एकदा चिमट्यातून उडाली आणि मी अर्धा तास फरशीला गाल लावून शोधत होतो. सापडली शर्टाच्या खिशात.

१९९२ मध्ये आलेल्या पीसीआयने ही उठाठेव पुष्कळ कमी केली. नंबरांची वाटणी मशीन आपली आपण करू लागलं. वेगही वाढला, सेकंदाला १३३ मेगाबाइट, अर्थात सगळ्या कार्डांत मिळून. ग्राफिक्सला तेवढंही पुरेना, म्हणून १९९७ च्या सुमारास त्याला एजीपीचा स्वतंत्र रस्ता मिळाला.

या बोर्डावर पांढरा आणि काळा जिथे शेजारी येतात, तिथे एक गंमत आहे. स्लॉट दोन, पण कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यात खिडकी एकच. आयएसए कार्डावरच्या चिप्स एका बाजूला तोंड करतात, पीसीआयच्या बरोबर उलट. म्हणून दोन्ही कार्डांच्या टोकाची पत्र्याची पट्टी त्याच फटीत येते. एक कार्ड बसलं की दुसऱ्या स्लॉटने रिकामंच राहायचं. किती स्लॉट आहेत ते मोजून मशीन घेणाऱ्याला हे नंतर कळायचं, नवं कार्ड हातात घेऊन उभं राहिल्यावर.

आणि तो बोटभर एएमआर. १९९८ची कल्पना अशी, की मॉडेमचं (फोनच्या तारेवरून इंटरनेट आणणाऱ्या यंत्राचं) आणि आवाजाचं गणित प्रोसेसरने करावं आणि या कार्डावर फक्त तारेशी बोलणारे चार भाग असावेत, म्हणजे ते स्वस्त पडेल. पडलंही असेल. पण ही कार्डं मुख्यतः मशीन जोडणाऱ्या कंपन्यांसाठीच होती, आपल्यासारख्यांच्या हाती फारशी आलीच नाहीत. पुढे आवाज बोर्डावरच आला. माझ्या ओळखीत मॉडेम विकत घेणाऱ्या प्रत्येकाने पीसीआयचाच घेतला. इतके कॅबिनेट उघडले, एएमआरमध्ये कार्ड बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

ब्रशने धूळ झटकली. साउंड कार्डाच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, ते काळ्या स्लॉटवर धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. आधी एक टोक खाली गेलं, मग दुसरं, आणि ओळखीचा खट् आवाज आला. त्या स्लॉटच्या पिना कार्डं काढघाल करून निस्तेज झाल्या होत्या. टॉर्च तशीच पुढे सरकवली. एएमआरच्या पिना कारखान्यातून आल्या होत्या तशाच लखलखत होत्या.