कोपरीची खाडी आणि १० ग्रॅमचा पक्षी

मे महिन्यात न्यूयॉर्कला आहात आणि सेंट्रल पार्कला पहाटे गेला नाहीत तर काय उपयोग, असं मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय. शनिवारी रॅम्बल म्हणून जो तिथला दाट झाडीचा भाग आहे तिथे पंधरावीस माणसं माना वर करून गप्प उभी होती. एका सत्तरीच्या आजींनी ओळखदेख नसताना स्वतःच्या गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात ठेवली आणि ओकच्या शेंड्याकडे बोट दाखवलं. ब्लॅकबर्नियन वॉर्बलर! चिमणीपेक्षा लहान, गळा पेटल्यासारखा केशरी, वजन जेमतेम १० ग्रॅम. हिवाळाभर दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या जंगलात होता, आता कॅनडाकडे घरटं करायला निघालाय. हे पक्षी रात्री उडतात, उजाडलं की खाली सगळं काँक्रीट आणि मधे हा ८४३ एकरचा हिरवा तुकडा, मग इथेच उतरतात, अळ्या खातात आणि पुढे निघतात.

मला हलवलं ते काचेच्या नियमाने. पक्ष्याला काच कळत नाही, त्यात झाडाचं प्रतिबिंब दिसलं की तो सरळ येऊन आपटतो. म्हणून इथे जानेवारी २०२१ पासून नवीन बिल्डिंग बांधताना किंवा जुनीच्या बाहेरच्या सगळ्या काचा बदलताना खालच्या ७५ फुटांत पक्ष्याला दिसेल अशी काच लावावी लागते, बारीक ठिपक्यांची वगैरे. १० ग्रॅमच्या जिवासाठी बिल्डरला कायदा! आपल्या ठाण्याच्या घोडबंदर रोडचे काचेचे टॉवर डोळ्यासमोर आले आणि खूप वाईट वाटलं.

पण लगेच "अमेरिका ती अमेरिका" म्हणू नका हं. जुन्या काचा तशाच आहेत, पक्षी अजूनही मरतात. आणि आपली ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर साइट (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), एवढ्या मोठ्या महानगराच्या पोटात हजारो गुलाबी पक्षी, हे न्यूयॉर्ककडे नाही.

मी २६ वर्षं ठाण्यात, याच खाडीजवळच्या कोपरीत राहिले आणि एकदाही बघायला गेले नाही. सकाळची फास्ट लोकल, रात्री आठला घरी, रविवारी कपडे आणि बाजार, कधी जाणार होते? तिथे कोणी गळ्यातली दुर्बीण काढून दिली असती तर कदाचित गेलेही असते.

काल बाबांना फोन केला, म्हटलं पाऊस लागायच्या आत नवी मुंबईतल्या ऐरोलीला जाऊन या, बोटीतून फ्लेमिंगो दाखवतात. ते म्हणाले, "भरती किती वाजता आहे ते बघतो, तुझ्या आईलाही नेतो."