पाय वर जातो, पण राहतो का?

प्रॅक्टिस झाल्या झाल्या मॅटवरच बसून लिहितेय, नाहीतर संध्याकाळपर्यंत डोक्यातून सगळं निघून जातं.

सुप्त पादांगुष्ठासन. पाठीवर झोपायचं, एक पाय जमिनीवर सरळ, दुसऱ्या तळपायाला पट्टा अडकवायचा आणि हाताने ओढत पाय वर घ्यायचा. पट्टा असला की माझा पाय ९० अंशाच्या पुढे, पार चेहऱ्याच्या बाजूला येतो, काही त्रास नाही. मग पट्टा सोडायचा, हात बाजूला ठेवायचे आणि पाय तिथेच ठेवायचा. तर तो तिथे राहत नाही. हळूहळू खाली यायला लागतो, मांडीचा पुढचा भाग थरथरतो आणि काटकोनाच्या बराच अलीकडे एक जागा येते, तिथे मात्र मी त्याला नीट धरून ठेवू शकते. हाताने ओढल्यावर पाय जिथे पोचतो आणि स्वतःच्या ताकदीवर जिथे थांबतो, त्या दोन जागांमधलं अंतर कमी करायचं, सध्या माझ्या साधनेत एवढंच आहे. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला.

मी मुळातच सैल सांध्यांची आहे. अंगठा मागे दाबला की हाताला टेकतो, उभं राहून वाकलं की तळहात जमिनीवर पूर्ण टेकतात, कोपर सरळ केलं की थोडं उलटं जातं. सांधे किती सैल आहेत हे बघायची बायटन स्कोअर म्हणून ९ गुणांची तपासणी असते, त्यात हीच लक्षणं बघतात. त्यामुळे 'तुझं काय बाई, तू रबराची' हे कायम ऐकायला मिळतं आणि लोक कौतुकानेच म्हणतात, पण पश्चिमोत्तानासनात कपाळ नडगीला टेकणं ही माझी कमाई नाहीये, ते जन्मतःच मिळालंय. आणि सांध्याभोवतीचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे, सैल असले की सांधा जागेवर धरायचं काम स्नायूंवर जास्त येतं. म्हणजे माझ्यासारखीला ताकद लवचिकतेपेक्षा जास्त लागते, कमी नाही! हे सांगितलं की बऱ्याच जणांना पटत नाही.

आमच्या क्लासमध्ये एक दादा आहेत, बरीच वर्षं वजनं उचललेले. त्यांचा पाय पट्ट्याने ओढूनसुद्धा काटकोनापर्यंत येत नाही आणि ते सारखे माझ्याकडे बघून 'तुमच्यासारखं जमायला पाहिजे' म्हणतात. आज मुद्दाम बघितलं, पट्टा सोडल्यावर त्यांचा पाय जेमतेम चार बोटं खाली आला आणि तिथे घट्ट उभा राहिला. त्यांच्याकडे जेवढी हालचाल आहे तेवढी जवळजवळ सगळी वापरता येते. मी त्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, 'ताई, मन राखायला बोलताय.' मन राखायला नाही, मला खरंच तसं वाटतं. त्यांना जागा वाढवायचीय, मला असलेली जागा सांभाळायचीय, दोघांनाही तोच पट्टा.

पट्टा, ब्लॉक, दोर ही साधनं आसनांच्या अभ्यासात रुळवली बी. के. एस. अय्यंगार (१९१८ ते २०१४) यांनी. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, टीबी अशा आजारांनी ते स्वतः पार खंगलेले होते, म्हणजे ताकदही नाही आणि अंगही आखडलेलं, दोन्हीकडून सुरुवात. मला हे फार धीर देणारं वाटतं.

मॅडम सारखं म्हणतात, 'गुडघ्याची वाटी वर ओढा.' वाटी वर ओढायची म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, आणि पुढचा आवळला की मागच्याला सैल पडायचा इशारा मिळतो. एक स्नायू काम करताना त्याच्या विरुद्ध बाजूचा कसा शांत केला जातो याचा चार्ल्स शेरिंग्टन यांनी फार बारकाईने अभ्यास केला, १९३२ चं नोबेल मिळालेले तेच. मला एवढंच कळतं की नुसतं ओढत राहिलं तर मांडीची मागची बाजू विरोध करते आणि वाटी वर ओढली की ती जरा ऐकते. ताकद आणि लवचिकता हे दोन वेगळे विषय समजून एकाला सोमवार आणि दुसऱ्याला मंगळवार असं वाटून देतात ना, ते मला म्हणूनच पटत नाही.

अजून एक, सुरुवातीच्या आठवड्यांत जी लवचिकता वाढल्यासारखी वाटते तेव्हा स्नायू काही फारसा लांब झालेला नसतो, ताण सहन करायची तयारी वाढलेली असते, मेंदू जरा उशिरा 'बास' म्हणतो. आणि मेंदूला त्या टोकाच्या जागी ताकद दिसली तर तो अजून पुढे जाऊ देतो, असा निदान माझा तरी अनुभव आहे.

क्रम मी असा ठेवलाय की जोराचं काम आधी. शलभासन (पोटावर झोपून पाय आणि छाती उचलायची), चतुरंग (दंड काढताना अर्ध्यावर खाली थांबल्यासारखं), नावासन, सेतुबंध. चतुरंगात खांदे कोपराच्या खाली उतरू द्यायचे नाहीत, तेवढं टिकत नसेल तर गुडघे टेकवायचे, त्यात कमीपणा कसला? मिनिटापेक्षा जास्त वेळ धरायचे ताण शेवटी, कारण लांबलचक ताण दिल्या दिल्या त्याच स्नायूकडून जोर मागितला तर तो थोडा वेळ कमीच मिळतो. शलभासनाला मी जरा जास्त वेळ देते. योगात पुढे वाकणं भरपूर, पण मांडीमागच्या स्नायूंना आवळून काम करायला लावणारी आसनं त्या मानाने कमी, आणि हे स्नायू बैठकीच्या हाडाला जिथे चिकटतात तिथलं दुखणं योग करणाऱ्यांत बरंच दिसतं. पुढे वाकताना तिथला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडावर दाबला जातो, त्यामुळे दुखतंय म्हणून अजून ताणलं तर ते चिघळतं. तिथे हळूहळू वाढवलेला भार लागतो. टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्याला स्नायूपेक्षा वेळ जास्त लागतो, घाई करून उपयोग नाही.

पट्टा सोडून पाय धरायची वेळ आली की मांडीबरोबर जबडाही आवळला जातो, मानेच्या शिरा ताठ, श्वास अडकलेला. योगसूत्रांतलं २.४६, स्थिरसुखमासनम्, सगळेच सांगतात, मला त्याच्या पुढचं २.४७ जास्त कामाला येतं, त्यात प्रयत्नशैथिल्य, म्हणजे प्रयत्न सैल सोडणं, सांगितलंय. आज पाय धरलेला असताना फक्त जबडा सोडला, जीभ खाली पडू दिली, आणि पाय खाली आला नाही! उलट श्वास चालू झाला. पायाचा प्रयत्न तसाच ठेवायचा आणि ज्याचं तिथे काही काम नाही तो सोडायचा, हे ओळखायला अजून बराच सराव लागणार आहे, कारण डावा पाय असला की मला ते अजिबात सापडत नाही.

हनुमानासनात, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे सरळ पसरून, मी पूर्ण खाली बसू शकते, पण हल्ली बसत नाही. दोन्ही हातांखाली ब्लॉक घेते, अर्ध्यावर थांबते आणि तिथे पुढची टाच आणि मागचा गुडघा एकमेकांकडे ओढते, मॅट गोळा करायची असल्यासारखं. पाच श्वासांत घाम फुटतो. मागच्या पायाच्या जांघेत मात्र अजून नुसताच ताण येतो, तिथे ताकद कशी लावायची ते कळत नाहीये, उद्या मॅडमना विचारायचं, मागची बोटं आत वळवून गुडघा उचलून करू का म्हणून.