मस्कतला जाताय? आधी शुक्रवार कुठे येतो ते बघा

आम्ही मस्कतला उतरलो गुरुवारी रात्री. त्या दिवसाचं तिकीट स्वस्त होतं, बाकी काही विचार नव्हता. शुक्रवारी आरामात नाश्ता करून दहाच्या सुमाराला बाहेर पडलो, डोंबिवलीत सुट्टीच्या दिवशी पडतो तसे. सुलतान काबूस मशिदीच्या फाटकावर कळलं की शुक्रवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत. तिथून टॅक्सीने मत्रह या जुन्या बंदराच्या भागातल्या बाजारात आलो, तर जवळजवळ सगळी शटरं खाली. वर ऊन असं की बाटलीतलं पाणी चहाला चाललं असतं. सासूबाई एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे शुक्रवारी फुटाणे वाटतात, इथे कुलपं वाटलीत."

चूक आमचीच होती. ओमानमध्ये आठवडी सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत शहर सामसूम असतं. इतर दिवशीही बाजार साधारण एक ते चार बंद. म्हणजे मस्कतचा दिवस दोन पाळ्यांचा असतो, सकाळची आणि संध्याकाळची. मधली पाळी उन्हाची. हे मान्य करून बेत आखला तर चार दिवस पुरतात, नाहीतर आमच्यासारखा एक दिवस पायऱ्यांवर बसून जातो.

तुमच्या वाट्याला शुक्रवार येत असेल तर तो निझवा या जुन्या शहराला द्या. मस्कतपासून साधारण १६० किलोमीटर, रस्ता लोण्यासारखा. तिथला बकऱ्यांचा बाजार शुक्रवारी सकाळीच भरतो. गिऱ्हाईक गोल करून बसतात आणि विकणारे बकऱ्यांना त्यांच्यासमोरून फिरवतात, म्हणून पहाटेच निघायला हवं. आम्ही निझव्याला शनिवारी गेलो. किल्ला पाहिला, खजूर घेतले, बाजार अर्थातच हुकला. नवरा अजून त्यावरून ऐकवतो.

ऋतूबद्दल थोडं. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबरअखेर गेलो, तेव्हाही दुपारी पारा पस्तिशीला टेकत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकिटं स्वस्त दिसली तरी मोहात पडू नका. मस्कतच्या पुढे कुरियात नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे, तिथे जून २०१८ मध्ये एका दिवशी चोवीस तासांत तापमान ४२.६ अंशांच्या खाली उतरलंच नाही, रात्रीसुद्धा! वर्षाचा पाऊस मोजून शंभर मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे जुलैच्या एखाद्या दिवसात पडतो तेवढा. पण पडला की मात्र वाट लावतो. डोंगर उघडेबोडके, पाणी मुरत नाही, कोरड्या वाद्यांना, म्हणजे ओढ्यांना, बघता बघता पूर येतो. २००७ चं गोनू आणि २०२१ चं शाहीन या वादळांची आठवण लोक अजून काढतात. डोंगराकडे काळे ढग दिसले तर वादीत उतरायचं नाही, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरीही.

आता निघण्यापूर्वीचं. व्हिसा ऑनलाइन मिळतो, रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावर. अर्ज तिथेच भरा आणि त्या वेळचे नियम तिथेच वाचा, कारण ते बदलत असतात. मुंबईहून विमान अडीच-तीन तासांचं, घड्याळ दीड तास मागे. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. खोकल्याचं औषध, झोपेची गोळी वगैरे असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. आणि खसखस! आखातात बऱ्याच ठिकाणी तिला अमली पदार्थांच्या यादीत घातलेलं आहे, त्यामुळे दिवाळीचा फराळ नेणाऱ्यांनी अनारसे घरी ठेवावेत. आमच्याकडे यावरून दोन दिवस चर्चा झाली. शेवटी सासूबाईंनी वेगळा घाणा काढला आणि अनारसे तिळावर थापले. चव बरी होती, पण त्यांनी स्वतः एकही खाल्ला नाही.

पैशांचा हिशेब आधी डोक्यात बसवून घ्या. एक रियाल म्हणजे आजच्या भावाने सव्वादोनशे ते अडीचशे रुपये आणि एका रियालचे हजार बैसा. पाटीवर २.५०० दिसलं तर ते अडीच रियाल, अडीच हजार नव्हे. अरबी आकड्यांची गंमत आणखी वेगळी. त्यांचा दोन आणि तीन आपल्या ओळखीचे वाटतात, पण पाच म्हणजे गोल भोपळा आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. चहाच्या टपरीवर सासूबाईंनी पाटीवरचे 'दहा' मोठ्या आत्मविश्वासाने वाचले, होते दीडशे बैसा. नोटेच्या दुसऱ्या बाजूला इंग्रजी आकडे असतात, देताना तीच बाजू वर ठेवायची. बैसा हे आपल्या पैशाचंच भावंड आहे. १९७० पर्यंत इथे भारतीय रिझर्व्ह बँकेने काढलेला आखाती रुपयाही चालत होता, त्यामुळे हिशेब चुकल्यावर उगाच परकं वाटून घेऊ नये.

राहायचं कुठे, यावर बरंच अवलंबून आहे. मस्कत एका जागी नाहीच. डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत लांबच लांब पसरलेलं आहे, विमानतळ एका टोकाला आणि मत्रह पार दुसरीकडे. दोन ठिकाणं नकाशावर शेजारी दिसतात आणि मध्ये आठपदरी रस्ता निघतो. चालत जाण्याचा नाद सोडा. कुरुमकडे समुद्रकाठची हॉटेलं आहेत, छान आणि महाग. आम्ही रुवीत राहिलो. देखणा भाग नाही, पण भारतीय खाणावळी भरपूर, शाकाहारी थाळी मिळते, दुकानदार हिंदीत बोलतात आणि मत्रह अगदी जवळ. ज्येष्ठांबरोबर जाणाऱ्यांना मी रुवीच सुचवेन. मवासलात या सरकारी कंपनीच्या लाल बस स्वच्छ, गार आणि स्वस्त आहेत. पहिल्या दिवशी रस्त्यावर हात करून थांबवलेल्या टॅक्सीवाल्याने आम्हाला व्यवस्थित कापलं. नंतर ओटॅक्सी हे ॲप घेतलं आणि प्रश्न मिटला. शहराबाहेर जायचं तर गाडी भाड्याने घ्या, पण गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि वेगाचे कॅमेरे जागोजाग आहेत.

मशिदीत आम्ही रविवारी गेलो. शनिवार ते गुरुवार सकाळी आठ ते अकरा ही पर्यटकांची वेळ, आठलाच पोचा. बायकांना डोकं, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकावे लागतात. सासूबाईंच्या साडीने पायांची सोय केली, हातांसाठी शाल पांघरली. आतला गालिचा ७० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद, इराणमध्ये शेकडो बायकांनी विणलेला. सगळे मान वर करून झुंबर बघत होते. सासूबाई मात्र गालिच्याच्या कडेला वाकून गाठी बघत बसल्या. आयुष्यभर विणकाम केलेलं आहे त्यांनी. "मागून किती सफाई असेल गं याची," एवढंच म्हणाल्या.

जुन्या मस्कतमध्ये अल आलम राजवाडा बाहेरूनच बघायचा. त्याच्या दोन्ही अंगांना जलाली आणि मिरानी हे पोर्तुगीजांच्या काळातले किल्ले आहेत. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५०७ मध्ये मस्कत घेतलं आणि १५१० मध्ये गोवा, पण ओमानींनी पोर्तुगीजांना १६५० मध्येच हाकललं. आपल्या गोव्याला मात्र १९६१ उजाडावं लागलं. समोरच राष्ट्रीय संग्रहालय आहे, गारेगार, म्हणजे दुपारची पाळी काढायला नेमकी जागा. जवळच मोतीश्वर महादेवाचं जुनं देऊळ आहे. फोटो काढू नका, चपला मांडून ठेवा आणि उघडण्याची वेळ आधी विचारून जा.

वादी शाब या पाण्याने भरलेल्या डोंगरघळीसाठी एक अख्खा दिवस ठेवा. सुरुवातीला होडीने पलीकडे जायचं, मग पाऊण तास खडकांतून चालायचं आणि शेवटी पोहायचं. ज्येष्ठांना हे झेपणार नाही. आमच्या सासूबाई होडीच्या धक्क्याशी सावलीत चिवडा खात बसल्या आणि तिथल्या एका ओमानी आजोबांशी खुणांनी गप्पा मारल्या. चिवड्याचा डबा रिकामा झाला, खजुराचा भरून आला.

खरेदीला मत्रह, संध्याकाळी पाचनंतर. लोबान घ्याच. ओमानच्या दक्षिणेकडच्या धोफारच्या डोंगराळ भागातून येतो. हिरवट पांढरा आणि स्वच्छ खडा चांगला, तपकिरी कचऱ्याचा नको. दुकानदार निखाऱ्यावर टाकून दाखवतो, वास घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. भाव निम्म्यापासून सुरू करा. परतीचं विमान रात्री उशिराचं असेल तर सामान हॉटेलातच ठेवून शेवटची संध्याकाळ मत्रहच्या धक्क्यावरच काढा. मात्र विमानतळासाठी टॅक्सी आधी ठरवा. गुरुवारी रात्री तो रस्ता तुंबतो, आम्ही कसेबसे पोचलो.