डोक्यावरचा हात

वर्तमानपत्रात छापून आलेले माझे पहिले छायाचित्र चुकीचे होते. ते अंधुक किंवा तिरके होते असे नाही. उजेड, चौकट, अंतर हे सारे वर्गात शिकवले होते तसेच जमून आले होते. वादळाने आडवी झालेली केळीची बाग, मोडलेल्या खोडांच्या लांबच लांब रांगा आणि मध्यभागी एक वयस्कर गृहस्थ, उजवा हात डोक्यावर, नजर जमिनीकडे. खाली फोटोओळ होती : ‘अवकाळीने घास हिरावला, यावल तालुक्यातील हताश शेतकरी.’ ती ओळ मीच लिहून पाठवली होती आणि तिच्यातले ‘अवकाळी’ व ‘यावल तालुका’ हे शब्द वगळले, तर बाकीचे सगळे मी मनाने रचलेले होते.

मी जळगावला पत्रकारितेच्या पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव पारोळा तालुक्यात, घरी कोरडवाहू कापूस. कॅमेरा मावसभावाचा, तो लग्नाचे फोटो काढतो आणि नवा कॅमेरा घेतल्यावर त्याने जुना डीएसएलआर, त्यावरच्या १८-५५ लेन्ससह, मला देऊन टाकला. सोबत एक सल्लाही दिला : ‘माणसाला सांगितल्याशिवाय तो नीट उभा राहत नाही.’ लग्नात ते खरेच आहे. नवरदेवाची हनुवटी जरा वर, वरमाईचा पदर जरा इकडे, आणि करवल्यांनो, सगळ्यांनी हसा. हा सल्ला विसरायला मला जवळपास सगळे वर्ष लागले.

तांत्रिक भागाचे मला सुरुवातीला फार दडपण होते, पण तो भाग चुका करत करत अंगवळणी पडतो. आमची पहिली मोठी सहल डिसेंबरात, दत्तजयंतीच्या यात्रेत, सारंगखेड्याला गेली. तापीकाठचा तो घोडेबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथली धूळ सांगायला नको. धावत्या घोड्यांची पहिली चाळीसेक छायाचित्रे मी १/१२५ या शटरवर (म्हणजे सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागात) काढली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर घोड्यांच्या जागी तपकिरी फराटे दिसले. शटर १/१००० वर नेल्यावर हवेत उचललेले खूर आणि त्याखालची माती वेगवेगळी दिसू लागली. दुसरी चूक अधिक शिकवणारी होती. पांढरेशुभ्र नुकरा घोडे भर उन्हात उभे होते आणि माझ्या छायाचित्रांत ते राखाडी, मळकट येत होते. सरांनी समजावले की, कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून चालतो. पांढरे फार दिसले की त्याला उजेड जास्त झाला असे वाटते आणि तो छायाचित्र काळवंडवतो, म्हणून पांढऱ्या घोड्यासाठी एक्स्पोजर आपण होऊन एका पायरीने वाढवायचे. यंत्र गृहीत धरते, ते आपण दुरुस्त करायचे, हे मी वहीत लिहून घेतले. माझी स्वतःची गृहीतके कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही.

आता त्या बागेकडे येते. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी सुसाट वारा सुटला आणि यावल-रावेर पट्ट्यात बागाच्या बागा झोपल्या. केळीचे झाड म्हणजे खरे तर पानांच्या गुंडाळलेल्या देठांचा खांब असतो, त्यात लाकूड नसते. वरती भरलेला घड आणि बाजूने वारा, की ते कमरेतून मोडते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने गेले, रस्त्यालगतच्या एका बागेत शिरले आणि दहा-पंधरा मिनिटांत ते छायाचित्र मला मिळाले. ‘मिळाले’ हाच शब्द त्या दिवशी माझ्या डोक्यात होता, जणू ते तिथे पडलेलेच होते. त्या गृहस्थांशी मी बोलले नाही. दुःखात असलेल्या माणसाला प्रश्न विचारणे असभ्यपणाचे आहे अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे कारण इतके उदात्त नव्हते : मला लाज वाटत होती, आणि परतीची गाडी अकराला होती.

वसतिगृहात येऊन मी छायाचित्र कापले. उजव्या कडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कोपरा आणि घडांचा ढीग येत होता. तो चौकटीत उगाच गर्दी करतो असे वाटल्यामुळे मी तो छाटून टाकला. मग एका स्थानिक दैनिकाला पाठवले (व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाहीतर छापण्याजोगे काही उरत नाही, हे एवढे मला ठाऊक होते). तिसऱ्या दिवशी ते छापून आले. वडिलांनी पारोळ्यात चार अंक विकत घेतले.

त्याच दुपारी वर्गातल्या त्या भागातल्या मैत्रिणीचा फोन आला. ते गृहस्थ शेतकरी नव्हते. ते केळी कटाईच्या टोळीतले मजूर होते. बाग दुसऱ्याची होती, आणि त्या मालकाला आपल्या बागेत ‘शेतकरी’ म्हणून भलताच माणूस छापून आलेला पाहून, पंचनाम्याच्या ऐन दिवसांत हा काय नवा घोळ, असे झाले होते. हात डोक्यावर होता, कारण घड वाहून नेताना डोक्यावरची चुंबळ सरकली होती आणि ते ती नीट बसवत होते. मी मूळ छायाचित्र पुन्हा उघडून शंभर टक्के मोठे करून पाहिले. बोटांच्या खाली गुंडाळलेल्या फडक्याची कड स्पष्ट दिसत होती. सदऱ्यावर खांद्यापासून पोटापर्यंत काळपट-तपकिरी डाग होते. तो केळीचा चीक. एकदा कपड्याला लागला की धुऊन जात नाही, आणि असा सदरा रोज घड उचलणाऱ्याच्याच अंगावर असतो. माझी मैत्रीण म्हणाली, ‘अगं, सदरा बघूनच कळतं की.’ कापसाच्या गावातल्या मला ते कळले नव्हते. पण जे मला दिसून कळले नाही ते विचारून कळले असते, आणि जो ट्रॉलीचा कोपरा पाहून वाचकाला शंका आली असती तो मीच छाटला होता.

चौकट छाटणे वृत्तछायाचित्रात निषिद्ध नाही. एखादी वस्तू संगणकावर पुसून टाकणे किंवा नवी घालणे निषिद्ध आहे, आणि ते मी केले नव्हते. म्हणजे नियम पाळूनही खोटे बोलता येते, हे मला माझ्याच छायाचित्राने दाखवले.

आमच्या खानदेशात एक थोर छायाचित्रकार होऊन गेले, चाळीसगावचे केकी मूस. मुंबईचे पारशी गृहस्थ चाळीसगावात रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्यात येऊन राहिले आणि १९८९ मध्ये निधन होईपर्यंत अनेक दशके ते क्वचितच घराबाहेर पडले. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून, ते पूर्ण निसर्गदृश्ये उभी करीत. त्यांचे घर पाहायला आम्ही गेलो होतो आणि मी भारावून परतले होते. त्या प्रकाराला टेबलटॉप छायाचित्रण म्हणतात आणि त्यात मांडणी हीच कला असते. टेबलावरचा दगड अर्धा इंच सरकवण्याचा अधिकार कलावंताला असतो. बातमीच्या छायाचित्रात तोच अर्धा इंच म्हणजे फसवणूक. मी मांडणी केली नव्हती, ‘आप्पा, जरा डोक्याला हात लावा’ असे म्हटले नव्हते. (असे म्हणणारे छायाचित्रकार मी पुढे प्रत्यक्ष पाहिले. दुष्काळात भेगाळलेल्या जमिनीवर घागर नेऊन ठेवणारेही असतात.) मात्र हताश शेतकऱ्याचे तयार चित्र माझ्या डोक्यात आधीपासून मांडलेले होते, आणि बागेत मी त्या चित्रात बसेल असा माणूस शोधत फिरत होते.

हे घडल्यानंतर सरांनी मला रागावण्याऐवजी एक जुने प्रकरण वाचायला सांगितले. मार्च १९३६ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या निपोमो येथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने एका आईचे छायाचित्र काढले : दोन मुले तिच्या खांद्यांवर तोंड लपवून, आणि तिचा हात गालाशी. महामंदीचा चेहरा म्हणून ते जगभर पोहोचले. लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळले ते १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी, आणि तेव्हा त्या बाईंची तक्रार हीच होती की, मला नावही विचारले नाही. छायाचित्रासोबत सांगितलेला तपशीलही, म्हणजे पोट भरण्यासाठी गाडीचे टायर विकल्याचा, त्यांच्या कुटुंबाने नाकारला. लँग यांच्या छायाचित्राची थोरवी मला नाकारायची नाही. पण तीच चूक माझ्यासारख्या नवशिक्या मुलीने केली तर तिच्याजवळ ती थोरवीही नसते.

नावाची दुसरी बाजू होमाई व्यारावाला यांच्या चरित्रात सापडते. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आम्हाला त्या परीक्षेपुरत्या माहीत असतात. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध होत असत, हे मी नंतर वाचले. माझ्या छायाचित्राखाली माझे नाव मात्र शुद्ध आणि ठळक छापले होते. ज्यांचे छायाचित्र होते त्यांचेच तेवढे नव्हते.

अर्थात नाव सरसकट छापायचे नसते, हेही याच वर्षी शिकले. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, ओळख पटेल असे काहीही माध्यमांनी प्रसिद्ध करण्यास ‘पोक्सो’ अधिनियम, २०१२ च्या कलम २३ ने मनाई आहे. तेथे बातमीदाराने नाव माहीत असूनही गप्प राहायचे असते. माझ्या बाबतीत गप्प राहण्यासारखे काही मला माहीतच नव्हते.

दहा दिवसांनी मी परत गेले. सोबत छायाचित्राची मोठी प्रत घेतली होती, कापल्याशिवायची, ट्रॉलीसकट. टोळी दुसऱ्या गावच्या शिवारात कटाईला होती. आमच्या घरी अहिराणी बोलतात आणि यावलकडची लेवा बोली वेगळी, तरी तोडकेमोडके का होईना मी त्यांच्या बोलीत माफी मागण्याचा प्रयत्न केला, त्यावर टोळीतल्या बायका इतक्या हसल्या की माफीचे गांभीर्य तिथेच संपले. गावात लोक त्या गृहस्थांना आठवडाभर ‘मळेवाले’ म्हणून चिडवत होते. त्यांनी प्रत हातात घेतली, आधी ट्रॉलीकडे बोट दाखवून ती कोणाची आहे ते सांगितले, मग स्वतःकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले : ‘मले इचारलं त असतं.’

मग मी विचारले. बांधावर बसून, कॅमेरा पिशवीत ठेवून, तासभर. बाग पडली की तलाठी येतो, पंचनामा होतो, तो बागेच्या मालकाच्या नावाने होतो. त्यात काही चूक नाही, खर्च त्याचा बुडालेला असतो. पण पडलेल्या बागेतले विकण्याजोगे घड दोन-चार दिवसांत उचलून झाले, की जी कटाई पुढे महिना-दीड महिना पुरली असती ती संपते, आणि मजुराच्या बुडालेल्या रोजाची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. त्या दिवशी बागेत जे गृहस्थ मला दिसले, त्यांचेही नुकसान झालेलेच होते. मी लिहिले त्यापेक्षा वेगळे आणि पंचनाम्यात न येणारे. माझ्या खोट्या फोटोओळीखाली खरी बातमी उभी होती, डोक्यावर चुंबळ घेऊन.

त्या दिवशी मी एकूण नऊ छायाचित्रे काढली. त्यांपैकी एक जवळून आहे : नुकत्याच कापलेल्या घडाच्या दांड्यातून पाझरणारा पाण्यासारखा पातळ चीक, आणि त्याखाली धरलेला हात, ज्याच्या नखांभोवतीची कातडी वर्षानुवर्षांच्या डागांनी काळी झाली आहे. हे छायाचित्र अजून कोठे छापलेले नाही. ज्या दैनिकाने पहिले छापले होते त्याला मी दुरुस्ती पाठवली आणि ती आतल्या पानावर दोन ओळींत आली. वडिलांनी त्याही अंकाच्या प्रती घेतल्या. कोणत्या कारणाने, ते मी विचारले नाही.

आता वहीत फोटोओळ आधी लिहिते आणि ती ज्याची आहे त्याला वाचून दाखवते. त्या दिवशीची ओळही मी बांधावरच वाचून दाखवली. त्यांनी वय दोनदा बदलायला लावले, गावाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ शेजारच्या मुलाकडून तपासून घेतला आणि मग मान हलवली. त्यांचे नाव वर्तमानपत्रासाठी विचारले होते, इंटरनेटसाठी नाही, म्हणून येथे ते आणि गाव गाळून बाकीची ओळ देते :

‘... (वय ५४), केळी कटाई मजूर, ता. यावल. एकोणीस वर्षांपासून कटाईच्या कामावर. वादळात पडलेले घड उचलून झाल्यावर सहा दिवस काम नव्हते. बाग त्यांच्या मालकीची नाही.’