तिसरा अल्बम

काल रात्री कुकर लावताना स्पीकरवर न्यूट्रल मिल्क हॉटेल ह्या अमेरिकन बँडचा ‘इन द एअरोप्लेन ओव्हर द सी’ लावला होता. अथर्व टेबलावर गणितं करत बसलेला, अल्बम संपला तसं त्याने वहीतून मान वर न करताच विचारलं, मावशी ह्यांचं ह्याच्या पुढचं काय आहे? म्हटलं पुढचं नाहीये रे, हा त्यांचा दुसरा, तिसरा काढलाच नाही. तर म्हणतो, "अच्छा, म्हणजे फ्लॉप गेला."

एवढंच. तेरा वर्षांचा मुलगा, तो बोलून विसरलासुद्धा, आणि मी मात्र पोळ्या लाटताना, भांडी आवरताना, अंथरुणावर पडल्यावरसुद्धा मनातल्या मनात त्याला उत्तरं देतेय.

फ्लॉप नाही गेला अरे. १९९७ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरला त्यांचा निर्माता रॉबर्ट श्नायडरच्या स्टुडिओत रेकॉर्ड केला, १० फेब्रुवारी १९९८ ला आला, तेव्हा गाणी लिहिणारा आणि गाणारा जेफ मँगम सत्तावीस वर्षांचा होता. आला तेव्हा फार गाजावाजा नाही झाला हे खरंय, पण नंतर माणसांनी माणसांना दिला तो, असा हातोहात. मला निनादने पेनड्राइव्हमध्ये दिला होता, गाण्यांचा क्रम उलटसुलट झालेला, कितीतरी महिने मी शेवटचं गाणं मधेच ऐकत होते. असो, निनादचा विषय नको.

मँगमने अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचली आणि तो कोलमडलाच, दिवसचे दिवस रडत होता म्हणे. कालयंत्र मिळालं तर मागे जाऊन तिला वाचवता येईल का, असले विचार मनात यायचे त्याच्या. ती डायरी मी नववीत मराठीतून वाचली होती, वाईट वाटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी सहामाहीचा अभ्यास होताच. ह्याने ते वाईट वाटणं सोडलंच नाही. ह्यातलं ‘हॉलंड, १९४५’ हे गाणं ऐकताना ढोल, ट्रम्पेट, ती फाटकी गिटार सगळं अंगावर धावून येतं आणि मधेच कळतं की हा एका गेलेल्या मुलीसाठी गातोय. शिवाय बँडमधला ज्युलियन कोस्टर करवत वाजवतो, सुताराची असते तशी करवत, तिच्यावर गज फिरवून. कोणीतरी लांबच्या खोलीत एकटंच गुणगुणतंय असं वाटतं.

आणि मग त्याच वर्षी दौरा वगैरे संपला आणि माणूस थांबला.

का थांबला ह्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. मला ते नकोय. मला एवढंच कळत नाहीये की थांबला म्हटलं की लगेच हरला असं का होतं. म्हणजे अथर्वचं जाऊदे, आई काय वेगळं बोलते? "कॉलेजात एवढी फिरोदिया करंडक स्पर्धा गाजवलीस आणि सोडून दिलंस." सोडून दिलंस. दर दिवाळीत एकदा तरी. ताई बोलत नाही पण माळा आवरताना गिटारकडे बघते आणि मग माझ्याकडे. मी काय सांगू त्यांना, माझ्याकडेच धड उत्तर नाहीये. बाबांचं आजारपण होतं, नोकरी होती, ही कारणं खरी आहेत पण ती नंतरची. त्याच्या आधीच, शेवटचा प्रयोग झाला त्या रात्रीच विंगेत उभं असताना मला वाटलं होतं की झालं. वाईट नव्हतं वाटलं. पोट भरल्यावर ताटावरून उठतो ना तसं. हे मी कुणालाच सांगितलं नाही कधी, कारण ऐकणाऱ्याला ते खोटंच वाटणार.

मँगम २००० साली बल्गेरियात कोप्रिव्श्तित्साच्या लोकसंगीताच्या जत्रेत गेला आणि तिथल्या लोकांची गाणी टेप करून आणली, पुढच्या वर्षी ती निघालीसुद्धा. स्वतःचं काही नाही त्यात, नुसतं ऐकलंय त्याने. मला हे फार आवडतं. माझ्या फोनमध्ये आत्याच्या ओव्या आहेत, सतरा. मागे कोंबड्यांचा आवाज येतो.

मग २०१३ ला ते सगळे परत एकत्र आले, दोन वर्षं फिरले, हीच गाणी वाजवली. नवा अल्बम तरीही नाही. आणि लोक हीच ऐकायला रांगा लावून आले. अथर्वला हे सांगायला हवं होतं, पण आता सकाळी त्याला उठवून सांगितलं तर म्हणेल मावशीला काय झालंय.

अल्बमच्या त्या शेवटच्या गाण्याच्या शेवटी एक आवाज आहे. गाणं संपतं, तो गिटार खाली ठेवतो आणि उठून निघून जातो, चालल्याचं ऐकू येतं. हे कापून टाकता आलं असतं, नाही कापलं. आज सगळे झोपल्यावर हेडफोन लावून मी तेवढंच परत परत ऐकलं. आपटत नाही तो गिटार. सावकाश ठेवतो.

मग स्टूल घेतलं आणि माळ्यावरची काढली. कव्हरवर बोटभर धूळ, पहिली तार तुटलेली, बाकीच्यांना गंज. अल्बमच्या नावाच्या गाण्याला चारच कॉर्ड लागतात, जी, ई मायनर, सी, डी, पाच तारांवर भागलं. स्वयंपाकघराचं दार लावून हळूच वाजवलं एकदा, सूर कुठल्या कुठे होता. पूर्वी बोटांना घट्टे होते, आता काहीच नाही, टाइप करताना डाव्या हाताची तर्जनी चांगलीच हुळहुळतेय.

उद्याही वाजवेन असं नाही. कव्हर पुसून ठेवलंय, धूळ बरीच होती.