सहा बोर्ड मुके

नववीच्या मुलांची कार्यशाळा, दोघांत एक असे चौदा ब्रेडबोर्ड (डाग न देता भाग खोचून सर्किट जोडायचे भोकाभोकांचे बोर्ड). प्रत्येकावर ५५५ या आठ पिनांच्या टायमर आयसीचं, म्हणजे चिपचं, सूर काढणारं नेहमीचं सर्किट. पिन ८ आणि ४ नऊ व्होल्टच्या प्लसला, १ मायनसला. ८ आणि ७ मध्ये १ किलोओहम. ७ आणि ६ मध्ये १० किलोओहम, त्याच्याच सिरीजमध्ये १०० किलोओहमचा पॉट (फिरवून रोध कमी-जास्त करायचा). ६ आणि २ एकमेकींना जोडलेल्या, २ पासून मायनसला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पिन ३ वरून ४७ ओहम, मग १०० मायक्रोफॅरड (प्लसचा पाय आयसीकडे), मग ८ ओहमचा स्पीकर. तो ४७ ओहम पुष्कळजण गाळतात. आयसी फार तर २०० मिलिअँप देतो. त्याच्याशिवाय स्पीकर त्याहून जास्त ओढू पाहतो.

पॉट फिरवला की सूर साधारण ६८६ हर्ट्झवरून ६५ पर्यंत उतरायला हवा. आठ बोर्डांवर उतरला. सहा गप्प.

आयसी उलटा बसला असेल तर बोटाला चटका बसतो. सगळे थंड होते. पिन ४ लोंबकळत राहिली तर हात जवळ नेताच आवाज येतो-जातो, तीही जोडलेली. मग मीटर डीसीवर ठेवून पिन ३ पाहिली. पाच बोर्डांवर ३.९ व्होल्ट, एकावर शून्य. तो एक बाजूला ठेवला.

३.९ हा आकडा बोलका असतो. अडकलेला ५५५ साडेसातच्या आसपास दाखवतो, नाहीतर जवळजवळ शून्य. मधलं काही दिसलं तर आउटपुट वरखाली होतंय आणि मीटर त्याची सरासरी सांगतोय. म्हणजे सर्किट चालू होतं! तरी मी दोन स्पीकर बदलून पाहिले, उगाच.

"सर, पॉट पार शेवटी नेला ना, की डास गुणगुणतो," एक मुलगी म्हणाली. कान लावला. खरंच, बारीक, टोचणारी किणकिण.

कपॅसिटर उपटून भिंगाखाली धरला. त्यावर छापलेला आकडा १०४ च्या जागी १०२. पहिले दोन आकडे तसेच घ्यायचे, तिसऱ्याइतकी शून्यं पुढे लावायची, उत्तर पिकोफॅरडमध्ये. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, १०२ म्हणजे त्याचा शंभरावा भाग. कपॅसिटर शंभरपट लहान, म्हणून सूर शंभरपट वर: ६८,६०० हर्ट्झ. माणसाचा कान २०,००० च्या पुढे जात नाही. पॉट शेवटच्या टोकाला नेला की तोच सूर साडेसहा हजारांवर येतो, तो तिचा डास. खणातली सरमिसळ माझीच होती. दोन्ही कपॅसिटर तसेच मसुराएवढे, पिवळट.

खात्रीसाठी काही सोडवावं लागत नाही. चालू सर्किटमध्ये त्या १०२ ला समांतर एक १०४ खोचला, आणि स्पीकर लगेच भोंग्यासारखा ओरडला. पाचही बोर्ड असेच सुटले.

उरला शून्यवाला. त्याच्या पिन ८ वरही काही नव्हतं. लांब ब्रेडबोर्डच्या कडेची लाल रेघ मध्यावर तुटलेली दिसली तर आतली प्लसची पट्टीही तिथे तुटलेली असते. बॅटरी डाव्या अर्ध्यात होती, आयसी उजव्या. दोन्ही अर्धे जोडणारा एक जंपर, म्हणजे तारेचा तुकडा, टाकला.