संधिप्रकाशाला परवानगी नाही

अर्जात 'चित्रीकरणाची वेळ' असा रकाना होता. तिथे मी 'सायं. ५.३० ते ६.३०' लिहिलं आणि आमच्या डिप्लोमा फिल्मचं घोडं तिथेच अडलं.

भयकथा छोटीशीच. भोरकडच्या एका डोंगराच्या पायथ्याचं पडकं गोदाम, पुढे पटांगण, तिथे मुलीला 'ती' दिसते. जनरेटर आणि लाइट्सचं भाडं परवडणारं नव्हतं, त्यामुळे बाहेरचे सगळे सीन आकाशाच्या उजेडावर. संहिता, कलाकार, कॅमेरा पटापट जमलं.

अडकलो जागेच्या परवानगीत. "सूर्यास्तानंतर आवारात कुणी थांबायचं नाही," टेबलामागचे साहेब म्हणाले. मी समजावलं की डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, नंतर वीसेक मिनिटं निळसर उजेड राहतो, आम्हाला तेवढाच हवाय. "मग पाचलाच उरका की!" पुढच्या खेपेला कॉलेजचं पत्र मागितलं. पत्र नेलं तर त्यावर जावक क्रमांक नाही. तो घालून आणला तर साहेब प्रशिक्षणाला गेलेले. त्यांच्या जागी बसलेल्यांनी विचारलं, "अंधश्रद्धा पसरवणारं काही नाही ना? संहिता मराठीत द्या." हातात धरली होती ती मराठीच होती. (तुम्ही जाल तेव्हा अर्जात 'भूत' लिहू नका, 'कौटुंबिक कथा' लिहा.) शेवटी पत्र मिळालं: 'सूर्योदय ते सूर्यास्त'. म्हणजे मला हवी ती वीस मिनिटं बरोब्बर वगळून!

रागारागात पुन्हा रेकीला, म्हणजे जागा पाहायला गेलो आणि तिथेच तोड सापडली. डोंगर नैर्ऋत्येला आहे. सप्टेंबरात पाहिलं तेव्हा सूर्य त्याच्या उजवीकडे, थेट पश्चिमेला मावळत होता. डिसेंबरात मावळतीची जागा सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकते, त्यामुळे सूर्य सहाच्या बराच आधी डोंगराआड जातो. पटांगण सावलीत, वर आकाश निळं, चेहऱ्यावर कडक सावली नाही. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ३२०० केल्व्हिनला, म्हणजे चित्र निळसर; एक्स्पोजर दोन स्टॉप खाली, म्हणजे उजेड पाव; आकाश फ्रेमबाहेर. चेहऱ्याच्या एका बाजूला काळं कापड धरलं की ती बाजू बुडते. कागदोपत्री सूर्यास्त व्हायच्या आत पॅकअप, आणि पडद्यावर रात्र. त्या शॉटचा मला अजूनही माज आहे.

रेकी शूटच्याच महिन्यात करा, हे आधी सांगायला हवं होतं. वाइड शॉट आधी उरका, क्लोजअप उजेड कमी झाल्यावरही निभतात. आणि पौर्णिमेच्या भरवशावर राहू नका. चांदणं उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतकं असतं, आपल्या कॅमेऱ्यात चित्रावर नुसते दाणे येतात.

अनामत रक्कम अजून परत आलेली नाही. 'जागा पूर्ववत केल्याचा दाखला' लागतो म्हणे, आणि तो त्याच टेबलावर मिळतो.